अकरा दिवस मी कुठे होते

फ्लूला मी आजार मानतच नव्हते, हे आधीच कबूल करून टाकते. आजार म्हणजे ज्याला भारदस्त नाव असतं, ज्याची फाईल असते, ज्याच्यासाठी लोक फळं घेऊन भेटायला येतात. फ्लू म्हणजे दोन दिवस नाक गळायचं आणि तिसऱ्या दिवशी कामावर जाऊन तो इतरांना वाटायचा. या समजुतीपायी गेल्या हिवाळ्यात, म्हणजे इथे न्यूझीलंडमध्ये जुलैत, मी मरता मरता वाचले.

वाचले ते सगळ्यांना माहीत आहे. ऑकलंडमधली आमची मंडळी महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी गराजमध्ये बुद्धवंदनेला जमतात, तिथे माझं नाव घेऊन मैत्री भावना झाली, नंतर पेढेही वाटले गेले. पण त्या अकरा दिवसांत माझ्या तोंडून एक वाक्य गेलं आणि त्या वाक्यामुळे मी माझ्या मुलीला जवळजवळ गमावून बसले होते. ते आमच्या मंडळींत कुणाला माहीत नाही. लिहायचं आहे ते मुख्यतः त्याबद्दल.

डबा

मी सुजाता, वय सत्तेचाळीस. नवरा संदीप आयटीत, मुलगी यशोधरा सोळा वर्षांची. चौदा वर्षांपूर्वी पिंपरीहून आलो, आता फ्लॅट बुश या उपनगरात राहतो. ईस्ट टामाकीच्या एका पॅकेजिंग कारखान्यात मी मापं तपासते. वजनकाटे, तापमापकं, दाब दाखवणारी घड्याळं खरं बोलतात की थापा मारतात, हे बघून त्यांच्यावर स्टिकर लावायचा, हे माझं काम. सव्वीस वर्षं हेच करतेय, त्यामुळे कुठलाही आकडा पाहिला की पहिल्यांदा मला त्याचा संशयच येतो.

याशिवाय मी आमच्या मंडळींची बिनपगारी डॉक्टरीणबाई होते. भारतातून येणारा प्रत्येक जण बॅगेत गोळ्यांच्या स्ट्रिप्स घेऊन येतो. तापाच्या, पोटाच्या, आणि हळूच दोन-तीन अँटिबायोटिकच्या. उरलेलं सगळं माझ्याकडे जमा व्हायचं, एका मोठ्या बिस्किटांच्या डब्यात. इथं डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत माणूस बरा होतो, असं आम्ही हसत हसत म्हणायचो आणि डबा उघडायचो. मी फोनवर लक्षणं ऐकायची आणि गोळी सांगायची. सांगताना आवाजसुद्धा बदलायचा माझा. संदीप नक्कल करतो त्याची.

एप्रिलमध्ये कारखान्याच्या कँटीनमध्ये फ्लूची लस द्यायला नर्स आली होती. मी एका काट्यात डोकं घालून बसले होते. नंतर घेईन म्हटलं, आणि ते नंतर काही आलं नाही.

गुरुवारी ताप आला. अंग असं दुखलं की केसांनाही हात लावू देईना. मी डबा उघडला आणि स्वतःच स्वतःची पेशंट झाले. तीन दिवस अँटिबायोटिक घेतलं. फ्लूवर त्याचा काही उपयोग नसतो हे तेव्हाही ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि हातात डबा असणं वेगळं. रविवारी बरं वाटलं. उठून आमटी केली, ऐटीत सांगितलं, "बघा, झाले की नाही बरी?" सोमवारी ताप परत आला आणि बरोबर धाप घेऊन आला. कुणी हे वाचत असेल तर एवढं लक्षात ठेवा: बरं वाटून पुन्हा बिघडलं तर डबा उघडू नका, डॉक्टरकडे जा.

आकडा

बुधवारी दुपारी संदीप शहरात ऑफिसमध्ये होता. यशो शाळेतून आली तेव्हा मी सोफ्यावर बसून होते, कारण आडवं पडलं की छातीवर कुणीतरी बसत होतं. तिने कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर शोधून आणला आणि माझ्या बोटाला लावला.

"मम, इट सेज एटी-टू."

"खोटं बोलतंय ते," मी म्हटलं. "सेल बदल."

तिने सेल बदलले. ब्याऐंशी. मी म्हटलं, आधी माप तपासायचं, तुझ्या बोटाला लाव. तिचं अठ्ठ्याण्णव आलं. परत माझ्या बोटाला लावलं तर एक्क्याऐंशी. सव्वीस वर्षांत कुठल्याही यंत्राने याहून चांगली परीक्षा दिली नव्हती. मी मात्र म्हणाले, "माझी बोटं गार आहेत, म्हणून." एवढं बोलायला मला तीनदा थांबावं लागलं.

यशो माझ्या ओठांकडे बघत होती. "आय ॲम रिंगिंग वन-वन-वन."

"फोन ठेव. बाबांना येऊ दे. यशोधरा, फोन ठेव म्हणतेय ना!"

तिने ठेवला नाही. मला पाठ करून खिडकीशी उभी राहिली आणि आमचा पत्ता एकेक अक्षर सुटं करून सांगितला. मला इतका राग आला होता. घरासमोर ॲम्ब्युलन्स उभी राहणार, शेजारचे पडदे हलणार, आणि डॉक्टरीणबाईला उचलून नेणार. माणसाला श्वास पुरत नसतो तेव्हाही लाज पुरते.

हॉस्पिटलात आधी मास्क, मग जोराचा ऑक्सिजन. संध्याकाळ व्हायच्या आत एक शांत आवाजाची डॉक्टर माझ्या कानाशी वाकून म्हणाली की फ्लूच्या मागून न्यूमोनिया झालाय, दोन्ही फुफ्फुसं दमलीत, आम्ही तुला झोपवून मशीनला तुझ्यासाठी श्वास घ्यायला सांगतो. संदीप धावत आला होता, त्याच्या शर्टावर ऑफिसचं ओळखपत्र लटकत होतं. मी त्याला काहीतरी मोलाचं सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "आमटी फ्रिजमध्ये ठेव."

पाणी

आता जे सांगते ते घडलं नाही. पण माझ्यापुरतं तेच घडलं.

माझा पलंग खाडीत होता. ऑकलंडच्या खाड्यांत भरती-ओहोटीच्या चिखलात खारफुटीची झुडपं उभी असतात, तशा झुडपांमध्ये. पाणी कोमट होतं. भरती आली की ते छातीपर्यंत चढायचं आणि माझी छाती आपोआप वर यायची, ओहोटी लागली की खाली जायची. मला काहीच करायचं नव्हतं. भीतीही नव्हती. नंतर कळलं, ते मशीन होतं.

झुडपांमधून आमच्या कारखान्याचा पट्टा सरकत यायचा, त्यावर दह्याच्या डब्यांची झाकणं. प्रत्येक झाकणाखाली कुणाचा तरी एकेक श्वास होता. मला तो तपासून स्टिकर लावायचा होता. एक जरी चुकलं तर ते नेमकं माझं निघणार, हे मला पक्कं माहीत होतं. मी स्टिकर लावत होते, लावत होते, आणि रोल संपत नव्हता.

पलीकडच्या काठावर माझी आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मेथी निवडत होती. आई जाऊन सहा वर्षं झाली. मी ओरडले, "आई, मी येऊ का?" तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "थांब जरा. एवढी मेथी निवडून होऊ दे." आई काम करत असताना तिच्या मध्येमध्ये गेलं की पाठीत धपाटा बसायचा, म्हणून मी थांबले. ती जुडीमागून जुडी सोडत राहिली. पाणी चढत होतं, उतरत होतं. तिची मेथी काही संपली नाही, आणि संपली नाही म्हणून मी इकडे राहिले असं मी मानते. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं आहे.

मधूनच एक बाई यायची आणि खाडीवर उजेड पडायचा. "किया ओरा, सुजाता. आज शनिवार आहे. बाहेर पाऊस आहे. मी तुला कुशीवर वळवतेय." ही हाना, माझी नर्स. 'किया ओरा' हा माओरी नमस्कार सोडला तर ती इंग्रजीत बोलायची, पण मला आठवतं ते मराठीत. तिने वार सांगितला की मला बरं वाटायचं. सगळ्या खाडीत पक्की म्हणून तेवढी एकच गोष्ट होती.

मग पाणी एकदम आटलं. घशातून काहीतरी लांबलचक ओढून काढलं गेलं आणि मी एका पांढऱ्या खोलीत आले, जी बोट होती. बोट मला न विचारता कुठेतरी नेत होती. सगळे सामील होते. भिंतीवरचं घड्याळ चुकीचं होतं, ते मी लगेच ओळखलं. आणि मग त्यांनी ती मुलगी पाठवली.

चेहरा हुबेहूब यशोचा. तिचाच राखाडी हूडी, तीच दातांची तार. माझा हात धरून ती म्हणाली, "आई, तू बरी होत आहेस. मी रोज येते." मराठीत. शब्द वाकडेतिकडे, जोर भलत्याच ठिकाणी, पण मराठीत. मी मनात म्हटलं, सापडली. यांनी सगळं बरोबर बनवलं आणि इथेच चुकले. माझी मुलगी चार वर्षांची असल्यापासून मला इंग्रजीत उत्तर देते. "जेवलीस का?" विचारलं तर "येप." आणि ही म्हणे रोज येते! मी हानाला जवळ बोलावलं, आवाज फुटत नव्हता तरी सगळा जोर लावून सांगितलं की हिला घेऊन जा, ही माझी मुलगी नाही, माझी मुलगी मराठीत बोलत नाही. मुलीचा हात झटकला. ती गेली. बोट थांबली. यंत्राची खोट पकडल्यावर होतं तसं समाधान मला झालं होतं. ते समाधान आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

बर्फाचा खडा

शुद्धीवर येणं सिनेमात दाखवतात तसं नसतं. डोळे उघडले आणि सगळे हसले, असं होत नाही. एका सकाळी हाना म्हणाली, आज रविवार, आणि मला वाटलं, खरंच असेल. मग भिंत भिंत झाली. घड्याळ बरोबर होतं.

अकरा दिवस गेले होते. नऊ मशीनवर, दोन बोटीवर. पुढचे दोन आठवडे साध्या वॉर्डात काढले. सकाळी सहाला रक्त, मग पाणचट पॉरिज, मग फिजिओथेरपिस्ट येऊन मला खुर्चीत बसवायची आणि मी पाच मिनिटांत घामाघूम व्हायचे. चमचा उचलायचा तर दोन्ही हात लागायचे. वजनकाटे तपासणाऱ्या बाईला स्वतःचा हात जड झाला होता.

सुख मिळालं ते बारीकसारीक गोष्टींतून. हानाने जिभेवर ठेवलेला पहिला बर्फाचा खडा. त्याची चव मी अजून कुणाला समजावून सांगू शकलेले नाही. संदीपने मोबाईलवर व्हिडिओ बघून घातलेली माझी वेणी, जी एका कानावर सुरू होऊन दुसऱ्या खांद्यावर संपत होती. शेजारच्या पलंगावरची सामोअन आजी, जी माझ्या खोकल्याच्या प्रत्येक उबळीनंतर "गुड गर्ल" म्हणायची.

यशो यायची. दाराशी उभी राहायची, पायाकडच्या बाजूला. "हे, मम. यू गुड?" म्हणायची आणि फोन बघायची. मी हात पुढे केला तर तो दोन बोटांनी धरायची. संदीपला विचारलं तर म्हणाला, "टीनएजर आहे. घाबरलीये." तो माझ्याकडे न बघता बोलला. वीस वर्षं संसार केलाय, त्याला माझ्याशी खोटं बोलता येत नाही, पण ऐकायची ताकद नव्हती माझ्यात. मी विचारलं नाही.

वही

घरी आल्यावर तीन आठवडे मी सोफ्यावरच होते. वंदनेच्या बायकांनी वाटून घेऊन रोज डबे पाठवले; फ्रीझरमध्ये वरणाचा साठा झाला. गोळ्यांचा डबा मी संदीपकडून फार्मसीत नष्ट करायला पाठवला. तिथली मुलगी तो बघून "वाव" म्हणाली म्हणे.

यशो सगळं करत होती. चहा आणून ठेवायची, भांडी मशीनमध्ये लावायची, माझ्या औषधांच्या वेळा फ्रिजवर लिहिल्या होत्या. पण खोलीत बसत नव्हती. आधी मी मराठीत बडबडायचे, ती इंग्रजीत टोमणे मारायची आणि आमचं छान चालायचं. आता मी विचारेन तेवढ्याचं उत्तर मिळायचं. घरात नीटनेटकं काम करणारी पाहुणी राहत असल्यासारखं वाटायचं.

हॉस्पिटलातून निघताना हानाने एक वही दिली होती. आयसीयूत झोपवलेल्या माणसाच्या उशाशी अशी वही ठेवतात. नर्सेस आणि घरचे त्यात रोज दोन ओळी लिहितात, म्हणजे नंतर त्या माणसाला आपले हरवलेले दिवस सापडतात. मला ती उघडायची भीती वाटत होती. एका दुपारी घरी कुणी नसताना उघडली.

हानाचं अक्षर गोल. "आज तुझा ताप उतरला. आज तुझ्या नवऱ्याने तुझे केस विंचरले." संदीपचं घाईचं: "सुजा, घरी ये. मला काहीच सापडत नाही." आणि यशोचं. रोज. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. तिसऱ्या दिवशी हानाने तिला सांगितलं होतं की तुझी आई ज्या भाषेत स्वप्नं बघते त्या भाषेत तिच्याशी बोल, तिला ऐकू जात असेल. तेव्हापासून ती शाळा सुटली की येऊन माझ्या कानाशी मराठी बोलत होती. शब्द अडला तर संदीपला विचारून वहीत लिहून घेत होती. "आई, आज मी भात केला. बाबा म्हणाला चिकट आहे, पण दोन वेळा घेतला." "आई, आज माझी गणिताची परीक्षा होती. तू ओरडणार नाहीस ना?" "आई, मी वाक्य पाठ केलं आहे. तू उठशील तेव्हा बोलणार."

दहाव्या दिवसाखाली हानाने लिहिलं होतं. "आज तू खूप गोंधळलेली होतीस. तू तुझ्या मुलीला ओळखलं नाहीस आणि तिला बाहेर काढायला सांगितलंस. असं पुष्कळांचं होतं. हे तू नाही, आजार बोलतो. ती लिफ्टजवळ बसली होती. मी माझ्या ब्रेकमध्ये तिच्याजवळ बसले."

त्यानंतर यशोचं अक्षर नव्हतं.

मी मागची पानं पुन्हा उलटली. ती तोतया मुलगी, जिला पकडल्याचा मला अभिमान वाटला होता, ती रोज बस बदलून येत होती. मी रडले, आणि रडताना श्वास लागला म्हणून रडणंही आवरावं लागलं. रडायलाही फुफ्फुसं लागतात, हे कुणी सांगत नाही.

भिंत

सोफा सुटल्यावर मी रोज थोडं चालत होते. आधी लेटरबॉक्सपर्यंत, मग कोपऱ्यावरच्या घरापर्यंत, पुढे डेअरीपर्यंत. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. यशो बरोबर यायची, दोन पावलं मागून. तिला वाटायचं मी पडेन.

वही वाचल्यानंतरच्या शनिवारी डेअरीच्या अलीकडेच मला धाप लागली आणि मी कुणाच्या तरी कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर बसले. यशो समोर उभी.

"बस," मी म्हटलं. "मी वही वाचली."

ती बसली, पण मधे एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून. "इट्स फाइन, मम. हाना एक्स्प्लेन्ड. इट्स अ मेडिकल थिंग. आय लुक्ट इट अप."

"मला खरंच कळलं नाही गं, ती तू होतीस. मला वाटलं कुणीतरी तुझं सोंग घेऊन आलंय."

"आय नो."

"मग तू माझ्याजवळ का येत नाहीस?"

ती हूडीची दोरी ओढत राहिली. समोरच्या घरातला माणूस गाडी धूत होता, त्याने आमच्याकडे बघून हात केला, आम्हीही केला.

"यू टोल्ड मी टू पुट द फोन डाउन," ती शेवटी म्हणाली. "अँड आय डिडन्ट. मग त्यांनी तुला ती ट्यूब घातली. नऊ दिवस. अँड देन यू वोक अप अँड यू सेड आय वॉजन्ट युअर्स." तिने दोरी बोटाला गुंडाळली. "सो आय थॉट, फेअर इनफ."

एवढे दिवस ती हे घेऊन फिरत होती. फोन केल्याबद्दल आईने तिला मुलगी म्हणून काढून टाकलं, आणि ते तिला रास्त वाटलं होतं. माझ्या आईवडिलांनी मला कधी "चुकलो" म्हटलं नाही. मीही यशोला कधी म्हटलेलं नव्हतं. आमच्याकडे चूक झाली की पोहे करून पुढ्यात ठेवतात, तीच माफी. पण रस्त्यावर पोहे नव्हते, आणि ते पुरले नसते.

"यशो, मी चुकले," मी म्हटलं. "आकडा खरा होता. तू खरी होतीस. मी सव्वीस वर्षं मापं तपासते आणि मला माझाच आकडा बघवला नाही. तू माझं ऐकलं असतंस तर बाबा येईपर्यंत मी संपले असते. तू मला वाचवलंस आणि मी तुला हाकललं. दोन्ही खरं आहे. मला माफ कर."

ती मान खाली घालून रडू लागली. मी सरकून मधलं अंतर भरून काढलं. तिचा हात घेतला, या वेळी सगळी बोटं मिळाली.

तिचं रडणं ओसरल्यावर मी म्हटलं, "आता बोल ना माझ्याशी मराठीत."

"नो वे," ती नाक पुसत म्हणाली. "यू'ल कॉल सिक्युरिटी."

मला हसू फुटलं. हसता हसता खोकला आला, आणि खोकता खोकता श्वास हरवला. डोळ्यांपुढे अंधारी आली. यशोने एक हात माझ्या पाठीवर सपाट ठेवला. "स्लो, मम. हळू. मोजून घे. मी मोजते." आणि ती मोजायला लागली, एक, दोन, तीन, प्रत्येक आकड्याला एक श्वास. तिला मराठी आकडे वीसपर्यंतच येतात. वीस झाल्यावर ती क्षणभर अडखळली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, मला अजून धाप होती. मग तिने परत एकपासून सुरुवात केली.